सतरा शिंपल्या आणि सतरा गोळ्या

रत्नाबाई आमच्या केंद्रात यायची असली की आधी बोंबलांचा वास येतो, मग टोपली येते आणि सगळ्यात शेवटी टोपलीखालची रत्नाबाई येते. आमचं केंद्र म्हणजे एचआयव्हीच्या पेशंटांना दर महिन्याच्या गोळ्या देणारी एक सरकारी खोली. पालघर जिल्ह्यात ती नेमकी कुठे आहे ते मी सांगत नाही. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं घरात 'दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो' असं सांगून निघतात, त्यांची पंचाईत कशाला करा? काहीजण तर नऊ-नऊ वर्षं दर महिन्याला दाताला जाताहेत आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस शाबूत. घरचे त्या दंतवैद्याला चांगलाच मानत असतील.

मी तिथला औषधवाला. काउंटरच्या जाळीमागे बसायचं, तीस गोळ्यांची डबी द्यायची, जुनी डबी परत घ्यायची आणि तीत काही गोळ्या उरल्या असतील तर त्या मोजायच्या. रोज एक गोळी, जन्मभर. एवढं पाळलं की माणूस म्हातारा होऊन संधिवातानं कुरकुरेपर्यंत जगतो. न पाळलं तर विषाणू पुन्हा डोकं काढतो. माझी सगळी विद्या एवढीच. ती सांगायला मला दोन मिनिटं लागतात आणि लोकांना पाळायला सगळा जन्म.

रत्नाबाई चिंचणीची. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं वाळून सुकटीसारखी चिवट झालेली. तीही माझ्याकडूनच गोळ्या नेते. नवरा बन्सी बोटीवर खलाशी होता. तो आठ वर्षांपूर्वी गेला, ह्याच आजारानं आणि दारूनं. कुणी किती टक्के नेला ते विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तो गेल्यावर वर्षभरानं आमच्या समुपदेशक बाईंनी रत्नाबाईला विचारलं, "तुमच्यासारख्या दुसऱ्यांच्या घरी जाऊन दोन शब्द सांगाल का?" रत्नाबाई म्हणाली, "घरोघर तर मी जातेच. टोपलीत बोंबील हायेत, त्यात तुमचे दोन शब्द टाका. काय जड होनार हाय?"

पेशंटच्या घरी आपला माणूस पाठवायचा म्हणजे मोठी पंचाईत असते. शेजारी विचारतात, ही कोण? कुठल्या हापिसातली? सुकी मासळी विकणाऱ्या बाईला मात्र कोणी काही विचारत नाही. ती पडवीत टोपली उतरवून तासभर बसली तरी शेजारी बघायला येत नाहीत, उलट वास नको म्हणून खिडकी लावून घेतात. गुप्तता राखायला आमच्याकडे छापील नियमांची चौदा पानं आहेत. त्या चौदाही पानांना रत्नाबाईच्या एका टोपलीची सर नाही.

तिच्या वाट्याला बहुतेक पिणारेच यायचे. बाकीचे लोक त्यांना कंटाळलेले असायचे, आणि रत्नाबाईचा कंटाळा बन्सीवरच खर्च होऊन गेला होता. आम्ही पेशंटला विचारायचो, "दारू पिता का?" तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "नाय." खोटंही नसायचं ते, कारण इकडे किनाऱ्यावर ताडीला कोणी दारूत धरत नाही. ती झाडावरून उतरते, मग ती दारू कशी? रत्नाबाईचा प्रश्न वेगळा असायचा. "सकाळपासून घशाखाली काय काय गेलं ते सांग. चहापासून सुरू कर." चहा, ताडी, चहा, भात, मग 'थोडीशी', मग पुन्हा 'थोडीशी', असा सगळा दिवस मग बाहेर यायचा.

आणि 'सोड' हा शब्द ती कधी वापरायची नाही. "बन्सीला बारा वर्सं सोड सोड केलं," ती म्हणायची. "एक दिवस पन सोडली नाय. उलट माझ्यासमोर प्यायचा तो चोरून प्यायला लागला, तेवढाच फरक."

तिनं एक युक्ती काढली होती. प्रत्येकाला ती एक प्लास्टिकची बरणी द्यायची. ज्या दिवशी प्यालास त्या दिवशी किनाऱ्यावरची एक शिंपली उचलायची आणि बरणीत टाकायची. नाही प्यालास तर बरणीला हात लावायचा नाही. महिन्याच्या शेवटी ती येऊन शिंपल्या मोजायची. ओरडायची नाही. फक्त म्हणायची, "सव्वीस. बरं. पुढल्या महिन्यात चोवीस करू या?" जणू गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली आहे. आणि खरंच, भिंतीवरच्या मोठमोठ्या तक्त्यांनी जे होत नव्हतं ते त्या फुटक्या शिंपल्यांनी व्हायचं. लोकांचे पिण्याचे दिवस दोन-दोननं कमी व्हायचे.

जानू तांडेल तिचा सगळ्यात लाडका पेशंट. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सहा खलाशी हाताखाली. बन्सीबरोबर तो पोरवयापासून बोटीवर होता, त्यामुळे रत्नाबाईला तो वयनी म्हणायचा. बन्सीच्या तिरडीला पुढून खांदा दिला तो त्यानंच. वर्षभरानं त्याचंच रक्त तपासलं आणि तोही आमच्या बाकावर येऊन बसला. बायकोचं, भागीचं रक्त मात्र स्वच्छ निघालं. दोघांपलीकडे हे रत्नाबाईला ठाऊक, आम्हाला ठाऊक आणि देवाला ठाऊक.

जानूला पिण्याची हौस होतीच, पण नुसती हौस असती तर रत्नाबाईनं ती आटोक्यात आणली असती. अडचण वेगळी होती. बंदरावर चार माणसं बसली की पहिला ग्लास तांडेलाला देतात. तो त्यानं नाकारला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात आणि कोणीतरी हसत विचारतंच, "काय रे, कसली गोळी चालू हाय?" इकडे न पिण्याला लोकांना एकच कारण सुचतं, की माणूस औषधावर आहे. आणि कसलं औषध, हा पुढचा प्रश्न. तो सहा खलाशांपैकी एकाच्या डोक्यात जरी आला असता तरी दुसऱ्या दिवशी बोट किनाऱ्यावर राहिली असती. तेव्हा जानू आपला आजार लपवायला प्यायचा. बाकीचे दुःख लपवायला पितात म्हणतात. हा बिचारा गोळी लपवायला.

तरी रत्नाबाईनं त्याला सव्वीसवरून बावीसवर आणि बावीसवरून सतरावर आणला होता. सतरा शिंपल्यांच्या महिन्यात ती मला सांगायला आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अशी शान होती की जणू तिचा मुलगा बोर्डात आला आहे.

त्याच आठवड्यात जानूचा रिपोर्ट आला. रक्तातला विषाणू मोजतात, तो आकडा; ही तपासणी आमच्याकडे नुकतीच सुरू झाली होती. हजाराच्या खाली असला की आम्ही सुस्कारा टाकतो. जानूचा होता चौऱ्याऐंशी हजार.

आमच्या डॉक्टर वैभवी मॅडम. वयानं लहान, आवाजानं मोठ्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. मग जानूला आत बोलावलं. तो आला तेव्हा मी जाळीतून पाहिलं आणि मला ओळखू आला नाही. वजन एक्केचाळीस किलो. डोळे पिवळे. सहा माणसांना दर्यावर हाक मारणारा माणूस, आणि नाव सांगताना त्याला धाप लागत होती.

"गोळ्या घेता?" मॅडमनी विचारलं.

"घेतो की."

"रोज?"

"सांगितल्याप्रमानं."

हे उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

जानू बाहेर गेल्यावर मॅडमनी रत्नाबाईला बसवलं. म्हणाल्या, "तीन महिने. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा खाली नाही आला तर औषध बदलावं लागेल. पण लिव्हर अशी, रोगाशी लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर हव्यात त्या उरल्यात अडुसष्ट. तो तीन महिने काढेल की नाही हेच मला सांगता येत नाहीये, मावशी. काहीतरी कुठेतरी चुकतंय."

मे महिना संपत आला होता. म्हणजे पुढचे अडीच महिने मासेमारीला बंदी. बोटी वाळूवर ओढलेल्या, माणसं रिकामी, जाळी विणता विणता ग्लास फिरणार. तीन महिने हवेत आणि ते नेमके हेच मिळावेत. जाताना मी बोंबलांचा भाव विचारला आणि रत्नाबाईनं तो नेहमीच्या निम्मा सांगितला, तेव्हा मला कळलं की बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

आता चूक काय ती सांगतो. ती सापडली योगायोगानं.

जानू दर महिन्याला मला रिकामी डबी आणून द्यायचा. स्वच्छ, धुतलेली. मला कौतुक वाटायचं. जूनमध्ये त्याला खाटेवरून उठवेना, म्हणून त्याच्या वतीनं भागी आणि रत्नाबाई आल्या. भागीनं पिशवीतून डबी काढली आणि त्याबरोबर शिंपल्यांची बरणीही काढून काउंटरवर ठेवली, कारण नवऱ्यानं 'सगळं घेऊन जा' असं सांगितलं होतं. ती आज्ञाधारक बाई. बरणीतली वाळू माझ्या गोळ्या मोजायच्या ताटलीत सांडली. मी जरा चिडूनच डबी उघडली. डबी रिकामी नव्हती.

मी गोळ्या मोजल्या. सतरा उरल्या होत्या.

शेजारी रत्नाबाई सवयीनं बरणी पालथी घालून शिंपल्या मोजत होती. ती पुटपुटली, "सतरा."

मी म्हटलं, "काय?"

"सतरा शिंपल्या. सतरा दिवस प्याला. मागल्या महिन्याएवढाच."

आमच्या दोघांमध्ये काउंटरवर दोन ढीग होते. इकडे सतरा, तिकडे सतरा. पंखा फिरत होता. मी भागीला विचारलं, "भागीबाई, जानू पितो त्या दिवशी गोळी घेतो का?"

भागी माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिला विचारलं होतं की तुमचे यजमान डिझेल पितात का. "म्हंजे काय?" ती म्हणाली. "पिऊन कशी घेनार? विष होतं ना! रत्नावयनीनंच सांगितलंय. पहिल्या दिवसापासून पाळतात हो ते. एक दिवस पन चुकले नाय. प्याले की डबीला हात लावत नाय."

"मग उरलेल्या गोळ्या? डब्या तर रिकाम्या यायच्या."

"उरल्या म्हनून तुमी रागवाल, म्हनून बोट भायेर गेली की समुद्रात टाकायचे. आता बोट वर हाय, आनि त्यांना उठवत पन नाय."

सात वर्षं. सात वर्षं चिंचणीच्या समुद्रातल्या माशांना औषध मिळत होतं आणि जानूला मिळत नव्हतं. आम्ही समजत होतो माणूस बेफिकीर आहे, खोटं बोलतो. माझ्या सगळ्या पेशंटांत इतका आज्ञाधारक माणूस दुसरा नव्हता. सांगितल्याप्रमाणे करत होता तो. सांगितलंच उलटं होतं.

मॅडम धावत बाहेर आल्या. "विष कसलं? कोणी सांगितलं? अहो, दारू वाईटच, लिव्हर खाते, ती कमी करायचीच. पण प्याला म्हणून गोळी चुकवायची नाही! पिऊन आला तरी गोळी घ्यायची. गोळी चुकली तर विषाणू माजतो, तेच खरं विष!"

रत्नाबाई हळूच बाकावर बसली. टोपली डोक्यावर तशीच. उतरवायचं भान नव्हतं.

"बाकावर एका बाईनं सांगितलेलं," ती म्हणाली. "आमी पयल्यांदा गोळ्या न्यायला आलो तेव्हा, बन्सी आनि मी. आनि तुमच्या डबीवर पन लिहिलं होतं की, दादा."

लिहिलं होतं. 'औषध चालू असताना दारू घेऊ नये.' माझ्याच अक्षरात, लाल शाईनं, प्रत्येक डबीवर. माझ्या मते त्याचा अर्थ होता, दारू सोडा. त्यांच्या मते अर्थ होता, दारू घेतली की औषध नको. वाक्य एकच. मी ते लिहून निर्धास्त होतो आणि ही माणसं ते पाळून मरत होती.

"बन्सी प्यालेला असला ना," रत्नाबाई म्हणाली, कोणाकडेच न बघता, "तर गोळी मागायचा. विसरायचा नाय तो. 'रत्ने, गोळी दे' म्हनायचा. आनि मी द्यायची नाय. डबी लपवायची. टोपलीत, बोंबलांच्या खाली. तिथं तो हात घालायचा नाय, त्याला काटे टोचायचे. हात जोडायचा माझ्याफुडं. मी म्हनायची, आदी उतरू दे, मग देते. मरशील."

बाहेर बाकावर कोणाचंतरी मूल रडत होतं, ते थोड्या वेळानं थांबलं.

मॅडमनी तिचा हात धरला आणि त्या काही बोलणार, एवढ्यात रत्नाबाई उठली. "सात वर्सांत किती जनांना सांगितलं असेल मी?" ती म्हणाली. "दहा-बारा गावं. बोईसरच्या चाळी येगळ्या. सगळ्यांना सांगितलंय, दादा. मोठ्या शहानपनानं."

आणि ती आपला शब्द परत घ्यायला निघाली.

तो पावसाळा मी विसरणार नाही. सुक्या मासळीचे हेच दिवस विक्रीचे, पण टोपलीत काय आहे इकडे तिचं लक्ष नव्हतं. बोईसरला कारखान्यातल्या एका बिहारी कामगाराच्या खोलीवर ती गेली. त्याच्या खोलीत आणखी चौघं राहतात, म्हणून तिनं बोंबील पुढे करून हळू आवाजात तिची ती हिंदी चालवली: "भैया, मैं बोली थी ना, पियेगा तो गोली नय खाने का? वो मैं गलत बोली. पियेगा तो बी खाने का. पीना कम करने का, गोली कम नय करने का." तो म्हणाला, "मौसी, तब तो आप बोली थी मर जाऊँगा." ती म्हणाली, "हां. आता मी बोलते, नय मरेगा." शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारायला लागला की ही मच्छीवाली कुठल्या गोळीचं बोलते. रत्नाबाई म्हणाली, "जंत की." तेव्हापासून त्या खोलीतले पाचही जण तिला जंतांचं औषध विचारतात.

बहुतेकांनी ऐकलं. काहींनी शिव्या दिल्या आणि मग ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्या जानूनं. आणि वेळ नव्हता तो त्यालाच.

पुढचं मी पाहिलेलं नाही, भागीनं सांगितलं. भागी सांगताना काही गाळत नाही. आपलं रडणंही नाही.

सकाळची दहा-अकराची वेळ. पाऊस उघडलेला. जानू पडवीत खाटेवर पडलेला. शेजारी ताडीचा तांब्या, कारण अंगातली थरथर त्याशिवाय थांबत नव्हती. रत्नाबाई तिसऱ्यांदा तेच सांगायला आलेली.

"घे गोळी."

"सकाळी घेतलीय ताडी. विष होईल."

"नाय होत. मी चुकले होते, जानू."

"सात वर्सं विष, आनि आता मरायला टेकलो तर विष नाय?" जानू हसला. हसता हसता खोकला. "वयनी, आमी बोटीवर पन असंच करतो. खलाशी लय आजारी झाला की म्हनतो, खा रे बाबा काय पायजे ते. तू मला तेच सांगतेस. मला कळतं."

तेव्हा तिनं त्याला बन्सीची गोष्ट सांगितली. टोपलीत लपवलेली डबी, जोडलेले हात, सगळं. बन्सी जानूचा जिवाभावाचा. तोंड भिंतीकडे वळवून जानू म्हणाला, "जा वयनी. घरी जा."

रत्नाबाई उठली. भागीला वाटलं, गेली. पण ती गेली नाही. तिनं खाटेशेजारचा तांब्या उचलला, चुलीपासचा ग्लास घेतला आणि काठोकाठ ताडी ओतली. जन्मात तिनं कधी थेंब घेतला नव्हता. नाक दाबून, एरंडेल घ्यावं तशी तिनं ती पिऊन टाकली. मग कनवटीची पुडी सोडली, स्वतःची त्या दिवशीची गोळी काढली, जानूला जिभेवर ठेवून दाखवली आणि गिळली.

"बघत राहा," ती म्हणाली. "मेले तर तुझं खरं. नाय मेले तर तू घ्यायची."

आणि ती त्याच्या खाटेसमोर भिंतीला टेकून बसली.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग ताडी चढली. रत्नाबाईनं आधी भागीला सांगितलं की तुझ्या कालवणात कोकम कमी असतं, हे मी वीस वर्सं बोलले नव्हते. मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका सभ्य गृहस्थांना थांबवून त्यांच्या मागच्या वेळच्या सुकटीच्या उधारीबद्दल खडसावलं. मग कोंबडीवर चिडली. मग एकदम गप्प झाली आणि "बन्सी रे" म्हणून एवढी मोठ्यानं रडायला लागली की शेजारणी खिडक्या उघडून बघायला लागल्या. रत्नाबाईसाठी कोणी खिडकी उघडायची ही पहिलीच वेळ. शेवटी ती जमिनीवर आडवी झाली आणि झोपली.

आता खाटेवरचा माणूस घाबरला. एक्केचाळीस किलोचा तो जानू, भागीच्या खांद्याला धरून खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसला. दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी बोट धरून बघायचा. "चालू हाय काय गो श्वास?" भागीला विचारायचा. "हाय." "नीट बघ." "अहो, घोरतायत त्या!" "घोरनं येगळं, श्वास येगळा." दुपारभर त्यानं असा पहारा दिला. त्या दिवशी पुढं तांब्याला त्याचा हात लागला नाही. वेळच मिळाला नाही त्याला.

चारच्या सुमाराला रत्नाबाईनं डोळे उघडले. डोकं धरून उठून बसली आणि म्हणाली, "भागे, चहा टाक गो. तोंड कडू झालंय." मग जानूकडे बघून, "मेले नाय मी."

जानूनं भागीकडे मान वळवली. मग म्हणाला, "भागी, डबी आन."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी रत्नाबाईला अशी काही झाडली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट न बोलावता उभे राहिले. "हा काय उपाय झाला? उद्या सगळे म्हणतील, मावशी पिते म्हणून आम्ही पितो!" रत्नाबाई खाली मान घालून ऐकत होती. गावात तर सगळीकडे झालंच होतं, रत्नाबाई प्यायला लागली, नवऱ्यासारखी. दोन घरांनी तिला पडवीत बसू देणं बंद केलं. ती म्हणाली, "बंद करू दे. पिते म्हनतात, तेवढंच म्हनतात ना? गोळीचं कोनाला नाय कळलं."

जुलैत जानूच्या डबीत दोन गोळ्या उरल्या. बरणीत शिंपल्या पंधरा. ऑगस्टमध्ये गोळी एकही उरली नाही, पण शिंपल्या सोळा. श्रावणाच्या आधी बंदरावर सगळे बसले होते, त्यात वाढल्या. रत्नाबाई म्हणाली, "पुढल्या महिन्यात बारा करू या?" ग्लासाचा इलाजही तिनंच सांगितला. पहिला ग्लास घ्यायचा, ओठाला लावायचा आणि भरलेलाच हातात धरून बसायचं. भरलेल्या ग्लासात कोणी ओतत नाही आणि हातात ग्लास असलेल्या माणसाला कोणी गोळी विचारत नाही. नारळी पौर्णिमेला जानू असा एकच ग्लास धरून दोन तास बसला. त्यातला निम्मा त्यानं समुद्राला दिला. माशांना त्याच्याकडून काही ना काही मिळत राहणार असं दिसतं.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा रक्त गेलं. रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत रत्नाबाई नऊ वेळा आली. प्रत्येक वेळी मी काही न बोलता मान हलवायचो आणि ती न बसता परत जायची. दहाव्या वेळी कागद माझ्या हातात होता.

"सहाशे दहा," मी म्हटलं.

"हजार?"

"नुसते सहाशे दहा. हजाराच्या खाली, रत्नाबाई. औषध बदलायला नको. हेच लागू पडलंय."

ती हसली. तोंडभर हसली. तिचे मिश्रीनं काळे झालेले दात मला पहिल्यांदाच दिसले. मी म्हणालो, "बघा, तीन महिन्यांत! नुसती रोज घेतली तर."

आणि हे बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. चौऱ्याऐंशी हजारांवरून सहाशे दहा. नुसती रोज घेतली तर. पिऊन, लिव्हर बिघडलेली, एक्केचाळीस किलो वजन, तरीसुद्धा. तो आकडा जानूचा होता, पण ती त्यात कोणाचा वाचत होती हे मला जाळीतूनही दिसत होतं.

तिनं टोपली उतरवली. बोंबलांच्या तळाशी हात घातला आणि एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. जुनी, पिवळी पडलेली. तिच्यावर माझं लाल शाईतलं अक्षर होतं, अर्धं पुसलेलं.

"ही मोजा," ती म्हणाली.

मी झाकण उघडलं. आठ वर्षांपूर्वीच्या गोळ्या, खाऱ्या हवेनं एकमेकींना चिकटलेल्या. त्यांनाही बोंबलांचा वास येत होता. मी त्या चमच्यानं एक-एक सुट्या केल्या आणि मोजल्या. सावकाश मोजल्या. ती समोर उभी राहून बघत होती. संपल्यावर मी मान वर केली.

"आकडा नका सांगू," ती म्हणाली. "मोजल्यात ना नीट?"

"मोजल्या."

"बरं."

मी त्या गोळ्या पुन्हा डबीत भरल्या. ती परत द्यावी की ठेवून घ्यावी ते मला कळेना. नियमात मुदत संपलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते लिहिलेलं आहे, पण असल्या गोळ्यांचं नाही. तिनंच ती माझ्याकडे सरकवली.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. "सफाळ्याच्या पुढं एक बाई हाय, दादा. तिच्या नवऱ्याला मी सांगितलेलं, पाच वर्सं झाली. दोनदा जाऊन आले, घराला कुलूप होतं. आज गाठते." दोन्ही हात टोपलीच्या काठाला लावून तिनं जोर केला, पण टोपली उचलेना. आतापर्यंत ती एकटीच उचलायची.

"जरा हात लावा," ती म्हणाली.

मी काउंटरची कडी काढून बाहेर आलो आणि टोपली तिच्या डोक्यावर चढवली.